चौकटीतली माणसं आणि ओट्यावरचं दूध

"मॅडम, तुमचा कुकर झाला बहुतेक!"

चाकणच्या कंपनीतले साहेब हसत म्हणाले आणि पडद्यावरच्या अकराच्या अकरा चौकटी हसल्या. मीही हसले. हसावंच लागतं. माझी स्वतःची चौकट उजव्या कोपऱ्यात होती. त्यात माझं हसू मलाच दिसत होतं आणि ते किती ओढूनताणून आणलंय हेही दिसत होतं. केस विस्कटलेले, मागे ओट्यावरचा डबा उघडा, भिंतीवर कॅलेंडर तिरकं. 'हे सगळे आता तेच बघत असतील,' असं एकदा मनात आलं की पुढचं बोलणं कानावर पडतं पण डोक्यात शिरत नाही.

ती त्या दिवसातली तिसरी मीटिंग होती. चौथी चार वाजता झाली. त्यात एका भागाचं ड्रॉइंग पडद्यावर दाखवलं गेलं. "ओके ना मॅडम?" मी मान हलवून म्हणाले, "ओके." ते जुनं ड्रॉइंग होतं. नवं आठवड्यापूर्वीच माझ्या मेलवर येऊन पडलेलं होतं. आठ दिवसांनी तीनशे नग भंगारात गेले.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "घरून काम करताना लक्ष राहत नाही का हो तुमचं?"

त्या रात्री मी लेकीवर कारण नसताना डाफरले, ताट तसंच ठेवून उठले आणि ह्यांना म्हटलं, "मी नोकरी सोडते."

बसून बसून कसला थकवा?

कासारवाडीला लग्न होऊन आले त्याला आता एकोणीस वर्षं होतील. वन बीएचके घर. खिडकीतून रेल्वेलाइन दिसते. लोणावळा लोकल गेली की भांडी किणकिणतात. २०२०च्या मार्चपर्यंत माझा दिवस ठरलेला असायचा. सकाळी डबे भरायचे, नाशिक फाट्यापर्यंत चालत जायचं, तिथून शेअर रिक्षानं भोसरी एमआयडीसी. आमचं मशिन शॉप आहे, गाड्यांचे सुटे भाग बनतात. मी खरेदी विभागात. कोल्हापूरहून कास्टिंग आलं की स्वतः जाऊन बघायचं, हात लावायचा, क्यूसीवाल्या भाऊंशी हुज्जत घालायची, टपरीवर चहा. संध्याकाळी पाय दुखायचे, पण डोकं ताजं असायचं.

लॉकडाऊन लागलं आणि सगळं लॅपटॉपात आलं. पुढे लॉकडाऊन उठलं, पण आमच्या कंपनीनं ऑफिसातल्या लोकांना आठवड्यातले तीन दिवस घरून काम ठेवलं ते आजतागायत. सगळे म्हणाले, किती छान! जाण्यायेण्याची दगदग वाचली. मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या सासूबाई तर अजून म्हणतात, "अगं, दिवसभर खुर्चीत बसून बोलायचं, त्यात दमायचं काय? आम्ही विहिरीवरून पाणी आणायचो." त्यांचं चुकत नाही. त्या दमण्याला नाव होतं. माझ्या दमण्याला नाव नव्हतं, म्हणून मलाही ते दमणं खरं वाटत नव्हतं. वाटायचं, आपलंच वय झालं, रक्त कमी झालं असेल. हिमोग्लोबिन तपासून आले. ठीक होतं.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या कित्येकींना आता हे नवीन राहिलेलं नाही. ऑफिसात नसलात तरी बचत गटाचं प्रशिक्षण, शाळेची पालकसभा, परदेशातल्या मुलाशी रविवारचा तासभर, सगळं पडद्यावरच असतं. आणि ते संपल्यावर मानेत, डोळ्यांत, कपाळात जी एक बधिर ओढ येते, ती तुम्हीही अनुभवली असेल. तिला आता नाव आहे आणि तिची कारणंही शोधली गेली आहेत.

चार कारणं

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरेमी बेलन्सन नावाचे प्राध्यापक आहेत. माणूस आभासी जगात कसा वागतो याचीच प्रयोगशाळा ते चालवतात. २०२१च्या फेब्रुवारीत त्यांनी एक लेख लिहिला आणि व्हिडिओ मीटिंगनं माणूस का थकतो याची चार कारणं मांडली. वाचताना मला वाटलं, हा माणूस कासारवाडीच्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता की काय!

पहिलं कारण, नजर. पडद्यावर प्रत्येक चेहरा मोठा आणि अगदी समोर असतो आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटत राहतं. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञानं १९६६च्या आपल्या पुस्तकात माणसामाणसांतल्या अंतराचा अभ्यास मांडला होता. साधारण दीड फुटाच्या आत आपण फक्त अगदी जवळच्या माणसाला येऊ देतो. लोकलच्या लेडीज डब्यात आपण याहूनही जवळ उभ्या असतो की! पण तिथे कुणी कुणाकडे टक लावून बघत नाही. एक खिडकीबाहेर बघते, एक मटार सोलते, एक डोळे मिटून स्तोत्र पुटपुटते. जवळ असूनही नजर सोडवून घ्यायची सोय असते. मीटिंगमध्ये ती नसते.

दुसरं कारण, आरसा. दिवसाचे चार-पाच तास कुणी आपल्यासमोर आरसा धरून उभं राहिलं तर काय होईल? आपण स्वतःतच खोट काढत बसू. कोपऱ्यातली ती आपली चौकट म्हणजे तो आरसाच.

तिसरं, जखडलेपण. कॅमेऱ्याच्या चौकटीत राहायचं म्हणून आपण हलत नाही. फोनवर बोलताना मी घरभर फिरते, कोथिंबीर निवडते. मीटिंगमध्ये पुतळा.

चौथं कारण मला सगळ्यात पटलं. समोरासमोर बसल्यावर ज्या गोष्टी आपोआप कळतात, त्या इथे मेहनतीनं कराव्या लागतात. ऐकतेय हे दाखवायला मान जास्त हलवायची, हसू जास्त आणायचं. हळदीकुंकवाला पंधरा जणी बसल्या तरी कोण कुठून बोललं हे न बघता कळतं, शेजारणीच्या कानात कुजबुजता येतं. पडद्यावर सगळ्यांचे आवाज एकाच भोकातून येतात आणि त्यातही थोडे उशिरा. २०१४मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात दिसलं होतं, की आवाज सव्वा सेकंदाच्या आसपास जरी मागे राहिला, तरी समोरचा माणूस कमी आपुलकीचा, कमी लक्ष देणारा वाटायला लागतो. दोष नेटवर्कचा, राग माणसाचा!

आता आपल्या बायकांची गोष्ट. याच प्रयोगशाळेतल्या आणि इतर संशोधकांनी २०२१मध्ये १० हजार ३२२ जणांची पाहणी केली. खूप किंवा अतिशय थकतो असं सांगणाऱ्या बायका १३.८ टक्के निघाल्या, पुरुष ५.५ टक्के. म्हणजे सात बायकांत एक आणि वीस पुरुषांत एक. मीटिंगांची संख्या दोघांची सारखीच. पण बायकांच्या मीटिंगा जास्त लांबणाऱ्या होत्या, दोन मीटिंगांमधली उसंत कमी होती आणि आरशाचा जाच जास्त होता. ॲलिसन गॅब्रिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी एका कंपनीतल्या १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवडे प्रयोग केला. कॅमेरा चालू ठेवला की थकवा वाढतो हे त्यात दिसलं. सर्वात जास्त कुणाचा? बायकांचा आणि नव्यानं नोकरीला लागलेल्यांचा. म्हणजे ज्यांना 'आपण नीट दिसतोय ना, काम करतोय हे दिसतंय ना' ही धाकधूक जास्त, त्यांचा.

हे वाचलं त्या दिवशी मी लेकीला जवळ घेऊन म्हटलं, "तुझी आई आळशी झालेली नाही गं."

भाच्याचा चष्मा

आमच्या नणंदेचा मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो एका रविवारी जेवायला आला होता. माझं नोकरी सोडायचं चाललेलं त्याच्या कानावर गेलंच होतं. म्हणाला, "मामी, थांबा जरा. यावर उपाय शोधताहेत लोक. सपाट पडद्याऐवजी खोलीच तयार करायची."

त्यानं जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. मायक्रोसॉफ्टनं २०२०च्या जुलैमध्ये 'टुगेदर मोड' नावाची सोय आणली. चौकटी काढून टाकून सगळ्यांना एकाच नाट्यगृहातल्या खुर्च्यांवर बसवल्यासारखं दाखवायचं. जणू आपण सगळे भोसरीच्या अंकुशराव लांडगे नाट्यगृहात रांगेत बसलोय. मग कोण कुठे बसलंय हे डोक्यात पक्कं राहतं आणि चेहरे लहान होतात. झूमनं २०२१मध्ये असंच काही आणलं. गूगलनं तर मोठ्या पडद्यावर समोरचा माणूस खराखुरा, घडीव दिसेल असं यंत्रच बनवलं. त्याला चष्माबिष्मा काही लागत नाही, समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून बोलता येतं. २०२५मध्ये एचपी कंपनीनं ते विकायला काढलं तेव्हा त्याची किंमत २४ हजार ९९९ डॉलर होती. आपल्या हिशोबात वीस लाखांच्या वर. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात गावाकडे घर होईल, तिथेच मीटिंग घ्या."

आणि तिसरा प्रकार म्हणजे डोक्याला बांधायचा चष्मा. आभासी वास्तव म्हणतात ते. भाच्यानं त्याच्या ऑफिसातून दोन दिवसांसाठी तो आणला.

खरं सांगते, चष्मा लावला आणि मी "अगंबाई!" म्हणून ओरडलेच. आमचं स्वयंपाकघर गेलं. मोठी खोली, लांब टेबल, खिडकीबाहेर डोंगर. समोर भाच्याचं बाहुलं बसलेलं. भाचा खरा होता त्याच्या वाकडच्या खोलीवर, पण आवाज बरोबर टेबलाच्या डाव्या बाजूनं आला. त्याचा मित्र उजवीकडून बोलला तर माझी मान आपोआप उजवीकडे वळली. पडद्यासमोर इतकी वर्षं बसून अशी मान कधी वळलीच नव्हती! मला माझा चेहरा दिसत नव्हता. केस विस्कटलेले की विंचरलेले, कुणालाच दिसत नव्हते. बोलताना हात हलवले तर तिकडेही हात हलले. वीस मिनिटं आम्ही बोललो आणि मला एकदाही 'आपण कशा दिसतोय' हा विचार आला नाही. चारपैकी आरसा आणि नजर ही दोन कारणं सरळ गळून पडली होती.

मग कपाळ दुखायला लागलं. तो चष्मा साधारण अर्धा किलोचा. अर्धा किलो तांदळाची पिशवी कपाळाला बांधून बसून बघा! घाम आला, डोळ्यांवर ताण आला. मान वळवली की पोटात ढवळल्यासारखं होऊ लागलं. आणि तेवढ्यात नाकाला वास आला. दूध!

चष्मा ओरबाडून काढला तर दूध ओट्यावरून खाली आलेलं. मी ओट्यापासून चार पावलांवर बसले होते, पण मला ना ओटा दिसत होता ना गॅस. मांजर आलं असतं तरी कळलं नसतं. लहान मूल असतं घरात तर? विचारानंच अंगावर काटा आला.

भाचा फोनवर म्हणाला, "मामी, ज्याला घरातलं काही बघायचं नाही त्याच्यासाठी बनवलाय हो हा." बोलून गेला खरा, पण माझ्या मनात ते वाक्य रुतलं.

आणि तब्येतीचं म्हणाल तर माझ्या एकटीचंच असं झालं असं नाही. जर्मनीत कोबुर्गच्या विद्यापीठातल्या व्हेरेना बीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२मध्ये एक प्रयोग केला. अठरा जणांना आठवडाभर रोज आठ तास असा चष्मा लावून काम करायला सांगितलं. दोघांनी पहिल्याच दिवशी सोडून दिलं. बाकीच्यांनाही साध्या पडद्यापेक्षा डोळ्यांचा ताण आणि चिडचिड जास्त झाली. फेसबुकच्या कंपनीनं २०२१च्या ऑगस्टमध्ये अशा मीटिंगांसाठी मोठ्या थाटात एक ॲप काढलं होतं, ते २०२६च्या फेब्रुवारीत बंद केलं. चष्मे पुढे हलके होतील, स्वस्त होतील, यात शंका नाही. पण एक थकवा घालवायला दुसरा विकत घ्यायचा, हे आज तरी माझ्या हिशोबात बसत नाही.

मग मी काय केलं?

चष्मा परत गेला, पण त्या वीस मिनिटांनी मला एक शिकवलं. मला हवं होतं ते यंत्र नव्हतं. मला खोली हवी होती. माझा चेहरा मला न दाखवणारी, मान वळवू देणारी आणि मी तिच्यात असेन तेवढा वेळ दुसऱ्या कुणीतरी दुधाकडे बघेल अशी.

त्यातलं जमेल तेवढं जमवलं. पहिल्यांदा स्वतःची चौकट लपवली. आपला चेहरा आपल्यापुरता लपवायची सोय असते, बाकीच्यांना आपण दिसतोच. इतकी वर्षं मीटिंगा करून मला हे माहीत नव्हतं, लेकीनं दोन बोटांत करून दिलं. मग पडदा पूर्ण न भरता मीटिंगची खिडकी लहान केली आणि लॅपटॉप हातभर लांब सरकवला. दोन्ही कानांचा साधा वायरवाला हेडफोन घेतला, आवाज स्वच्छ आला आणि 'काय म्हणालात?' निम्म्यानं कमी झालं. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा कॅमेरा बंद करून उभी राहते, चालते, मान मोकळी करते.

एवढं माझ्या हातात होतं. पुढचं हातात नव्हतं. त्यासाठी बोलावं लागलं.

सोमवारी ऑफिसला गेले तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये गेले. छाती धडधडत होती. तीनशे नगांचा विषय मीच काढला. म्हटलं, "चूक माझीच. पण त्या दिवशी सलग चार मीटिंगा होत्या, मधे पाणी प्यायलाही उठले नव्हते." मायक्रोसॉफ्टनं २०२१मध्ये केलेला प्रयोगही सांगितला. चौदा जणांच्या डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरी मोजल्या, तर सलग मीटिंगांत ताण चढत जातो आणि मधे दहा मिनिटं सोडली तर चढत नाही, असं दिसलं होतं. साहेब म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण कस्टमरला चेहरा दिसलाच पाहिजे." मी म्हटलं, "कस्टमरला दिसू दे. आपल्या आपल्यात कशाला? आणि ड्रॉइंगवर बोलताना ड्रॉइंगच मोठं दिसू दे, चेहरे नकोत. 'ओके' तोंडी नको, मेलवर."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मलाही संध्याकाळी डोकं दुखतं हो." एवढी वर्षं शेजारच्या चौकटीत बसलेला माणूस, पण त्याचंही डोकं दुखतं हे मला समोरासमोर बसल्यावर कळलं.

आता आमच्याकडे दोन मीटिंगांत दहा मिनिटं सोडतात. नेहमी पाळलं जातंच असं नाही. चाकणच्या मीटिंगला कॅमेरा अजूनही चालू ठेवावा लागतोच. पण ड्रॉइंगचा 'ओके' लेखी झाला आणि तेव्हापासून तसली चूक पुन्हा झालेली नाही.

लाल ओढणी

सगळ्यात अवघड बोलणं घरात होतं. बाहेरच्या साहेबाला सांगणं सोपं, घरच्यांना सांगणं कठीण. कारण मी घरात दिसते, म्हणजे मी मोकळी आहे, असाच सगळ्यांचा समज. दार वाजलं तर मी, गॅसवाला आला तर मी, "चष्मा कुठे ठेवला गं?" तर मी. पडद्यावरच्या अकरा चौकटींशिवाय बारावी चौकट घराची होती आणि तिला म्यूटचं बटण नव्हतं.

दूध उतू गेलं त्या संध्याकाळी मी जेवताना सांगितलं, "मीटिंग असते तेव्हा मी घरी नसते. भोसरीला असते असं समजा." हे काही न बोलता जेवत राहिले. सासूबाईंनी मात्र विचारलं, "आणि आम्हाला कळायचं कसं, तू भोसरीला आहेस की इथे?"

मग लेकीनं तिची लाल ओढणी आणून आतल्या खोलीच्या दाराच्या कडीला बांधली. ओढणी बांधलेली असेल तर आई भोसरीला. आता मी स्वयंपाकघरात बसत नाही, आत बसते, भिंतीकडे पाठ करून. सकाळचा कुकर हे लावतात. पहिले चार दिवस शिट्ट्या मोजायला चुकले, भाताचा गोळा झाला. खाल्ला आम्ही तो. दुधाकडे सासूबाई बघतात.

परवा एक मीटिंग सव्वा तास चालली. संपवून बाहेर आले तर ओट्यावर दूध तापवून, झाकून ठेवलेलं होतं. सासूबाई खिडकीशी बसून लोकल बघत होत्या. म्हणाल्या, "आलीस भोसरीहून? दमली असशील. बस, चहा टाकते."

'दमली असशील.' विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईनं हे म्हटलं, तेव्हा माझा अर्धा थकवा तिथेच उतरला.

मैत्रिणींनो, चष्मे येतील, मोठे पडदे येतील, येऊ देत. तोवर तुमच्या दमण्याला नाव द्या आणि ते मोठ्यानं सांगा, ऑफिसातही आणि घरातही. आणि हो, ती कोपऱ्यातली स्वतःची चौकट तेवढी आजच लपवून टाका.